मांडुळाचा पाहुणचार

युद्ध होणार असं दिसू लागलं तशी सौदीतल्या अबकैकच्या तेल कंपनीच्या कॅम्पातली गोरी कुटुंबं मायदेशी निघाली. विमानतळावर गाडीतून उतरताना एका साहेबाने आपला ड्रायव्हर शौकत याच्या हाती काचेची पेटी सोपवली. आत वाळू, आणि वाळूत एक जाडसर साप. "विषारी नाही. सांभाळ," म्हणाला आणि गेला.

"हा घरात राहणार असेल तर मी चालले चिपळूणला," शौकतची बायको सफूरा म्हणाली.

"कशाने जाशील? आता विमानात जागा कुठली?"

शौकतच्या मते ते मांडूळ होतं, गावाकडे असतं तसं. पण तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे दोघांनाही कळेना. म्हणून त्याने दोन्ही टोकांशी दुधाची एकेक वाटी ठेवली. सापाने ढुंकूनही पाहिलं नाही. उकडलेलं अंडं झालं, कोळंबी झाली. साप आपला वाळूत गाडून घेऊन पडलेला.

"गारठलाय तो," सफूराने लांबूनच निदान केलं. "कोंबडीच्या पिल्लांना आई दिवा लावायची."

शौकतने पेटीवर बल्ब टांगला आणि मेसच्या गोदामातून सापळ्यातला उंदीर आणला. वाळू उसळली, सापाने उंदराला वेटोळं घातलं आणि सावकाश गिळला.

"हे बघा, तोंड सापडलं!" सफूरा दारामागून ओरडली.

जानेवारीत हवाई हल्ल्याचे भोंगे सुरू झाले. एका संध्याकाळी भोंगा वाजला, वीजही गेली. शौकत धावत, विषारी वायूच्या भीतीने फटींना टेप लावून बंद केलेल्या खोलीत शिरला, तर सफूरा मागे नाही. तेवढ्यात ती आली, एक हात उशीच्या अभ्र्यात घालून.

"बल्ब विझला. थंडीने मेला असता."

"अगो, चावला तर?"

"तुम्ही आधी मास्क नीट लावा. उलटा घातलाय."

दूर कुठेतरी धडाड झालं, तावदानं थरथरली. शौकतने तिचा मोकळा हात घट्ट धरला. दुसऱ्या मनगटाला साप बिलगून होता.

"आता माझ्या हाताची ऊब घेतोय," ती कुजबुजली. दोघांनाही हसू आलं, मास्कमुळे ते घुमलं.

युद्ध संपल्यावर साहेबाचा फोन आला: मी परत येणार नाही, साप तिथल्याच वाळूत सापडला होता, तिथेच सोड.

कॅम्पाबाहेरच्या वाळूच्या टेकाडाशी सफूराने खाली बसून अभ्रा उलटा केला. साप क्षणभर थबकला, मग वाळूत सुळकन बुडाला.

"मागे वळून पाहिलंसुद्धा नाही मेल्याने," ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

शौकतने गाडी सुरू केली नाही. ती उठेपर्यंत तो थांबला.