चर्चच्या व्हरांड्यातला बाक

मी एक जुना बाक आहे. मुखेडमधल्या एका लहानशा चर्चच्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून उभा असतो. मुज्तबाभाई सुतारांनी मला कडुलिंबाच्या लाकडातून घडवलं. रंधा मारून झाल्यावर ते स्वतः माझ्यावर बसले आणि म्हणाले, "आता कुणीबी निवांत बसावं." मला फार अभिमान वाटला.

पुष्कळ वर्षं मी आत, पहिल्या रांगेत होतो. नाताळच्या आधी बायका मला ओल्या फडक्याने पुसायच्या. मुलं माझ्यावर बसून, पाय हलवत गाणी म्हणायची. त्यांत सिंधुची मुलगी एस्तेर होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

एका उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा टँकर आला. माणसं घागरी घेऊन धावली. चालक व्यंकटीने मागे न पाहताच गाडी मागे घेतली. एस्तेर चाकाखाली गेली.

तिची शवपेटी माझ्यावरच ठेवली होती. मित्रांनो, ती पेटी इतकी लहान होती, की माझी अर्धी फळी रिकामीच राहिली.

पुढे चर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला बाहेर ठेवलं. उन्हाने माझी फळी तडकली. कोणी माझ्यावर पिशव्या ठेवी, कोणी सायकल टेकवी. बसायला मात्र कोणी येत नसे.

कोर्टाने दिलेली शिक्षा भोगून व्यंकटी परतला. त्याची बायको देगलूरला माहेरी निघून गेली होती. त्याला कोणी काम देईना. एका रविवारी तो फाटकातून आला आणि माझ्या टोकाला बसला. मग दर रविवारी येऊ लागला.

चर्चचे धर्मगुरू निवृत्ती पाळक एकदा बाहेर येऊन म्हणाले, "आत चला. येशू चुकलेल्या माणसांसाठीच आला."

"आत तिची आई हाय, पाळकसाहेब. कोणत्या तोंडानं येऊ?"

सिंधुला तो येतो हे ठाऊक होतं. प्रभूची प्रार्थना सगळे एकत्र म्हणत, पण 'आमचा अपराध करणाऱ्यांना आम्ही माफ करतो' हे वाक्य आलं की तिचा आवाज थांबायचा. बाहेर मला ते कळायचं.

एका रविवारी तो आवाज तसाच थांबला. सिंधु उठून बाहेर आली. व्यंकटी घाबरून उभा राहिला.

"बस," ती म्हणाली आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसली.

तो पुन्हा बसला आणि म्हणाला, "अक्का, आज शेवटचा आलो होतो. जगावंसं वाटत न्हाई आता."

"तू गेल्यानं माझी एस्तेर येती का परत?"

"न्हाई." तो रडू लागला. "माफी मागायची लायकी न्हाई माझी."

"लायकी असती तर माफी कशाला लागली असती? मी तरी कोणत्या लायकीची होते? तरी प्रभूनं जवळ केलं मला." ती त्याच्याकडे वळली. "मी तुला माफ केलं, व्यंकटी. पण उद्या तिचा फ्रॉक दिसला की पुन्हा राग येणार. पुन्हा माफ करावं लागंल. तू बी उद्याचा दिवस जग. परवाचं परवा बघू."

प्रार्थना संपल्यावर निवृत्ती पाळक आले आणि दोघांच्या मध्ये बसले. त्या दिवशी त्यांनी व्यंकटीला एकट्याला जाऊ दिलं नाही. आपल्या घरी नेलं.

व्यंकटी आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो. सिंधु अजूनही रडते. काही रविवारी ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. काही रविवारी विचारते, "जेवलास का?"

मित्रांनो, माझा एक पाय वाळवीने पोखरला आहे. मी फार दिवस टिकणार नाही. मला रंग द्या, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या दाराबाहेर कोणी मान खाली घालून बसलेलं दिसलं, तर आतूनच हाक मारू नका. बाहेर जा आणि त्याच्याशेजारी बसा.