मागच्या पायांचं ऑपरेशन

मुलांच्या नाटकातल्या कापडी घोड्याच्या पोटात माझं अर्धं आयुष्य गेलं. मागचे पाय मी, पुढचे पाय आणि मुंडकं माझा मेहुणा. मंडळी त्याला डोकं म्हणत आणि मला शेपूट. दोघांच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांना एक फळी अडकवलेली, फळीवर खोगीर, खोगिरावर राजा. राजा खात्यापित्या घरचा. तो बसला की रंगमंचाच्या फळ्या एकमेकींना धीर द्यायच्या. एकदा तर पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्यांसकट आमच्याकडे घसरत आली. खोटं वाटत असेल तर त्या खुर्च्यांना विचारा.

तर माझी पाठ गेली. कमरेतून कळ निघायची ती थेट पायाच्या अंगठ्यात जाऊन बसायची. वर्ष झालं तरी हलेना. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "चकती सरकलीय. औषधांनी भागत नसेल तर ऑपरेशनचा विचार करू. ठरवा तुम्ही."

मला पहिला संशय डॉक्टरांचाच आला. दुकानदार 'घ्याच' म्हणाला तर आपण पळतो, पण 'ठरवा तुम्ही' म्हणाला की समजावं, गळ टाकलाय. टेबलावरून उठलोच नाही तर? उठलो आणि पायच हलले नाहीत तर? घोड्याचे जातील ते जातील, माझेही जायचे!

त्यात मेहुणा. जन्मात कधी घोटभर चहा न पाजलेला माणूस मोसंबी घेऊन दारात.

"भाऊजी, ऑपरेशन उरकूनच टाका. उशाशी मी बसतो."

"तू? माझ्या लग्नात तू जेवणापुरता आला होतास."

"माणूस बदलतो हो!"

दवाखान्यातही हा बरोबर. डॉक्टरांनी "ओझं उचलता का?" विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत हाच म्हणाला, "छे छे! ते नट आहेत."

पाणी कुठंतरी मुरत होतं. माझ्या जागी कुणाला तरी घुसवायचा बेत असणार, असं मी ठरवून टाकलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या भावाला एवढी अक्कल असती तर तो मुंडक्यात कशाला असता?"

पण नाटकाचे कपडे तीच शिवायची. दुसऱ्या दिवशी घोडा मांडीवर घेऊन बसली होती, एकदम थांबली.

"अहो, इकडे या. हा तुमचा पट्टा. घामानं काळा पडलाय, तीनदा शिवलाय मी. आणि हा दादाचा बघा."

करकरीत. बकलावर ओरखडासुद्धा नाही.

तिनं भावाला बोलावून घेतलं आणि पट्टा नुसता नाकासमोर धरला.

"अगं, मान दुखायची माझी," तो पुटपुटला. "म्हणून अडकवत नव्हतो. म्हटलं, ऑपरेशननं भाऊजींची पाठ नवी होईल. मग कुणाला कळायचंही नाही."

"म्हणजे राजा सगळा माझ्यावर?"

"सगळा नाही हो. लगाम मीच धरायचो."

डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो.

"ओझं उचलतो."

"कसलं?"

"राजाचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून म्हणाले, "पायात अजून जोर आहे. आधी ओझं बंद करा, व्यायाम करा आणि थांबू. जोर कमी वाटला तर मात्र त्याच दिवशी या."

ऑपरेशन मी लांबवलं. राजा पायी लढाईला जाऊ लागला आणि चालून चालून इतका वाळला, की एका खेळात मुकुट घसरून त्याच्या गळ्यात पडला. माझी कळ हळूहळू अंगठा सोडून वर सरकली आणि एक दिवस बहुतेक निघूनच गेली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी परत घोड्यात शिरलो. पुढच्या बाजूनं.

आता दर खेळाला हलका झालेला राजा परत खोगिरावर बसला की मागून दबका आवाज येतो, "भाऊजी, पट्टा अडकवलात ना?"

"अडकवलाय."

"दाखवा."

"मी डोकं आहे. डोकं कधी शेपटीला हिशेब देतं का?"

मग तो अंधारात चाचपडत माझं बकल शोधतो, मी आखडतो, आणि घोड्याला पोटातून गुदगुल्या झाल्या म्हणून पोरं खिदळतात.