आठवा ट्रॅक

स्टुडिओत मला सगळे मीटरबाई म्हणतात. मिक्सिंगच्या टेबलाशी बसले की मी मीटरच्या काट्यांवरून नजर हलवत नाही, आणि काचेपलीकडे कुणी खुर्ची जरी करकरवली तरी माझं डोकं फिरतं. गाणाऱ्यांचे श्वास तर मला अजिबात खपत नाहीत. ओळ सुरू व्हायच्या आधी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, खाली ओढायचा, श्वास गेला की अलगद परत वर न्यायचा. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

त्या दिवशी दोघी बहिणी आल्या. आयुष्यभर जोडीनं, एकाच माइकवर गाणाऱ्या. त्यांच्या नव्या गाण्याचं वाद्यांचं काम आम्ही आधीच उरकलं होतं. आमच्या मशीनच्या टेपवर आठ ट्रॅक. एकेकावर एकेक वाद्य घ्यायचं, म्हणजे पुढे एकाला हात लावला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. सात वाद्यांनी भरले होते. आठव्यावर थोरलीनं गाइड गायलं होतं, म्हणजे गाणं कुठवर आलंय ते वादकांना कळावं म्हणून कामचलाऊ गाणं. नंतर त्याच ट्रॅकवर खरा आवाज चढवायचा आणि गाइडवर पाणी सोडायचं, ही आमची रीत. थोरली तेव्हा गळा राखून, अर्ध्या आवाजात गायली होती. "खरं नंतर गाईन," म्हणाली होती.

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता ती बोलते ती नुसती कुजबुज. गाणार होती ती एकटी धाकटी.

"ताईचं ते गाणं पुसू नका," धाकटी आल्या आल्या म्हणाली. "दुसरीकडे कुठेतरी ठेवा ना."

"दुसऱ्या टेपवर उतरवून ठेवते की," मी म्हटलं. "त्यात काय मोठंसं."

थोरलीनं मान हलवली. "काही नको. पुसा."

"ताई, अगं तुझा शेवटचा आवाज आहे तो!"

"म्हणून तर. बेसूर आहे. तू तो रोज लावून रडत बसशील, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवशील. माझा आवाज म्हणून तो मागे राहायला नको."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. एरवी मी कशातही नाक खुपसते, पण यात पडले नाही. गळा तिचा, गाणं तिचं.

धाकटी आत हेडफोन लावून माइकसमोर उभी राहिली, थोरली माझ्या शेजारी बसली. मी टेप सुरुवातीला आणली, आठव्या ट्रॅकचं लाल बटण दाबलं आणि मशीन चालू केलं. सुरुवातीचं संगीत संपलं, गायची जागा आली, तरी धाकटी गप्पच. मग दचकून तिनं ओळ उचलली आणि लगेच सोडून दिली. मी मशीन थांबवलं.

"ताई ऐकूच येत नाहीये!" ती म्हणाली. "तिच्याबरोबर सुरू करणार होते मी."

"येणार कशी? त्याच ट्रॅकवर तर घेतोय. लाल दिवा लागला की नवं चढत जातं तसतसं जुनं पुसलं जातं."

"मला वाटलं, माझं गाऊन झालं की मग पुसाल."

"तसं नसतं हो."

"म्हणजे पहिली ओळ..."

"गेली."

ती काचेपलीकडे उभ्या उभ्या रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. थोरली रडली नाही, पण तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

धाकटीनं डोळे पुसले आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. पुन्हा उशीर. परत तेच. माझा पारा चढला.

"इतकी वर्षं गाताय, ताल पाठ नाही तुम्हाला?"

"मी कधी मोजलाच नाही," धाकटी म्हणाली. "ताई श्वास घ्यायची, की मी सुरू करायची. लहानपणापासून असंच."

थोरली उठली. मला न विचारता तिनं तो जड दरवाजा ढकलला आणि आत जाऊन, दुसरे हेडफोन कानाला लावून माइकच्या दुसऱ्या बाजूला, धाकटीच्या समोर उभी राहिली. ही तिची नेहमीची जागा.

"ताई, आत राहायचं तर हूं की चूं नाही," मी आतल्या स्पीकरवरून बजावलं. "श्वाससुद्धा माइकपासून लांब."

तिनं माशी हाकलावी तसा हात उडवला.

टेप सुरू झाली. ओळीच्या आधी काटा किंचित हलला. थोरलीनं छाती भरून श्वास घेतला होता, ओठ उघडले होते. आणि धाकटी अचूक जागेवर आली. पुढची ओळही तशीच, त्याच्या पुढचीही. प्रत्येक ओळीबरोबर खालची थोरलीची ओळ पुसली जात होती. ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं, पण थांबलं कुणीच नाही. मी काट्यांकडे बघायचं विसरले. शेवटच्या शब्दापर्यंत थोरलीचे ओठ हलत होते.

दोघी बाहेर आल्या आणि मी मिक्सिंगला घेतलं. पहिली ओळ जवळ आली तसा सवयीनं माझा हात आठव्या फेडरवर गेला आणि मी तो खाली ओढला. थोरलीनं माझं मनगट धरलं.

"काढू नका," ती कुजबुजली.

"ताई, नुसता श्वास आहे हो तो. स्वच्छ ऐकू येतोय."

"येऊ दे. यात मी बेसूर नाही."

धाकटीनं थोरलीचा दुसरा हात हातात घेतला. मी फेडर होता तिथे नेऊन सोडला आणि टेप परत सुरुवातीला आणली.