ग्रिझेलचं फाटक

रविवारी चर्चमध्ये हुकूम वाचला गेला: सरहद्दीवरच्या प्रत्येक गढीचं लोखंडी फाटक काढायचं आणि त्या लोखंडाचे नांगराचे फाळ करायचे. स्कॉटलंड आणि इंग्लंड आता एकाच राजाचे झाले होते, तेव्हा दरोडे संपले, असं राजाला लंडनमध्ये बसून वाटत होतं. दुरून डोंगर साजरे.

बुधवारी सकाळी अंमलदार गिल्बर्ट लोहाराला घेऊन ग्रिझेलच्या दारात हजर. ग्रिझेल विधवा बाई. गढी चार मजली, भिंती सात फूट जाड, तळाला अकरा गाई आणि वर तीन मुलं. आत यायला एकच लाकडी दार. ते घटकाभरात जळतं. माणसाला खरं अडवतं ते त्यामागचं फाटक. तिच्या भावाच्या गढीला फाटक नव्हतं. तो भाऊ आता नव्हता.

लोहारानं पहार लावून पाहिली, पण फाटक तसूभरही उचललं जाईना. गज एकमेकांत असे ओवलेले की सुटेही होईनात.

"आधी फाटक टांगलंय, मग वरचा दगड बसवलाय," तो म्हणाला. "दगड फोडल्याशिवाय हे निघायचं नाही."

अंमलदार म्हणाला, फोड.

ग्रिझेल येऊन नेमकी त्या दगडाखाली उभी राहिली. "ह्यावर चार मजले उभे आहेत. घाल घाव, रॉबी. मी इथंच आहे."

लोहारानं घण खाली ठेवला. अंमलदारानं कायदा सांगितला, तुरुंगाची भीती घातली, शेवटी चक्क विनवण्या केल्या. बाई दगडाखालून हलेना.

इतक्यात गच्चीवरून थोरली मुलगी ओरडली, घोडेस्वार येतायत, बारा तरी असतील, पुढं तो दरोडेखोर हॉब क्रोझर. रविवारी हॉबही चर्चमध्येच होता. बुधवारी ग्रिझेलचं फाटक निघणार, हेही तिथंच वाचलं गेलं होतं.

अंमलदारानं रस्त्याकडे पाहिलं. तो दाराकडे धावला.

"बाजूला व्हा, बाई. आत येऊ द्या."

आता मात्र ती बाजूला झाली. अंमलदार आणि लोहार आत शिरले. अंमलदारानं स्वतःच्या हातांनी फाटक ओढून घेतलं, पण घाईत त्याला अडसराचं भोक सापडेना. तिनं शांतपणे अडसर भिंतीत सरकवला आणि त्या अडसरावर हात ठेवूनच म्हणाली, "फाटक निघत नाही, असं लिहून द्या. नसेल द्यायचं तर आत्ताच सांगा, म्हणजे तुम्हाला बाहेर सोडते."

टापा ओढ्यापाशी आल्या होत्या. अंमलदारानं दौत मागितली.