अण्णा बसतील तिथे बाक

नकाशा

नकाशावर एक हिरवी रेघ आहे. जुन्या पाणीटाकीपाशी ती सुरू होते, ओढ्याच्या कडेकडेने वळणं घेत जाते, शाळेच्या मागून सरकते आणि खेळाच्या मैदानात जाऊन टेकते. गाडी नाही, भोंगा नाही, नुसती चालणाऱ्यांची वाट. नगरपालिकेच्या उद्यान विभागात नोकरीला लागल्यापासून थोरलीने दुसऱ्यांच्याच रेघा गिरवल्या होत्या. ही पहिली तिची स्वतःची.

रेघेला एका जागी खंड आहे. नखाएवढा.

त्या नखात बैठ्या घरांची एक रांग आणि रांगेमागचा बोळ मावतो. बोळ नगरपालिकेचा, पण वहिवाट रांगेतल्या माणसांची, म्हणून त्यांची संमती हवी. मंजुरी देणाऱ्या समितीने तर आधीच बजावून ठेवलं होतं : वाट सलग असेल तर मंजूर, तुटकी असेल तर सगळीच रद्द. कारण बोळ वगळला की चालणाऱ्यांना तेवढ्यापुरता हमरस्ता गाठावा लागतो, आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांना चालणाऱ्यांचं काही कौतुक नसतं.

रांगेने हरकत घेतली. पहिली सही शेवटच्या घरातल्या निवृत्त कवायतमास्तरांची. सगळी वस्ती त्यांना शिट्टीमास्तर म्हणते. थोरली त्यांना अण्णा म्हणते, कारण ते तिचे वडील आहेत आणि ती त्यांच्याच घरात राहते.

सूची

हिरवी रेघ म्हणजे वाट. हिरवा ठिपका म्हणजे झाड, असलेलं. पोकळ ठिपका म्हणजे झाड, लावायचं. चौकोन म्हणजे बाक. निळी नागमोडी म्हणजे ओढा, पाणी असो वा नसो.

हट्टासाठी चिन्ह नाही. शोधलं तिने.

हरकत

संध्याकाळी बापलेक जेवायला बसले होते.

"अण्णा, तुमचा विरोध नेमका कशाला आहे?"

"चव्हाट्याला." मान वर न करता उत्तर. "पुढच्या दारी रस्ता आहेच. आता मागच्या दारीही करा. माणसाने अंग टाकायचं कुठे?"

"तुमच्याच विद्यार्थ्यांची पोरंबाळं जातील हो तिथून."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"म्हणजे जेव मुकाट्याने. गार होतंय."

थोरली जेवली नाही. पाहणीला गेली तेव्हापासून एक गोष्ट तिला सलत होती. रांगेची पाण्याची टाकी भरून वाहिली की बोळात ओल राहते, आणि त्या ओल्या मातीत तिला खड्डे दिसले होते. बोटभर रुंद, गोल, खोल. ओळीने. त्यांच्याच मागच्या दारापासून बोळाच्या टोकापर्यंत. तिच्या धंद्यातल्या माणसाला जमिनीत भोक दिसलं की खुंटी दिसते, खुंटी दिसली की दोरी, आणि दोरीच्या पुढे कुंपण. पाहणीच्या शेऱ्यात तिने लिहूनही टाकलं होतं : कच्च्या कुंपणाच्या खुणा.

"आणि त्या खुंट्या?" तिने विचारलं.

अण्णांचा घास हातातच राहिला. "कुठल्या?"

"बोळातल्या. अण्णा, तुम्ही बोळ बळकावताय का? सरळ सांगा. उद्या दुसऱ्या कुणी दाखवून दिलं तर तोंड लपवायला जागा नाही मला."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. आधी काही कळलं नसावं, मग कळलं असावं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. तिने त्याला निर्लज्जपणा समजलं.

"हो," ते म्हणाले. "ठोकतो खुंट्या. पहाटे ठोकतो, उजाडायच्या आत उपटतो. लाव केस बापावर."

आणि टेबलाची कड घट्ट धरून उठले. रागाने, असं तिला वाटलं.

मोठ्या बाई

उद्यान विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. अंगापिंडाने त्या एवढ्याशा होत्या. पण त्यांनी आखलेल्या बागेत गेलं की कळायचं, मोठ्या का ते.

हरकतींची सुनावणी त्या सभागृहात कधीच घेत नसत. "सभागृहात खुर्ची मिळते," त्या म्हणायच्या, "आणि खुर्ची मिळाली की माणूस भाषण करतो. चालताना भाषण होत नाही. दम पुरत नाही." त्यांची सुनावणी चालत व्हायची, होऊ घातलेल्या वाटेवरून. ज्याची हरकत मोठी, तो सगळ्यांत पुढे. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. अधिकारी नाही, नगरसेवक तर नाहीच. तो थांबेल तिथे सगळ्यांनी थांबायचं आणि का थांबला ते ऐकायचं. तो बसेल तिथे जमिनीवर मैदान आखायच्या फक्कीचा पांढरा गोल. गोल तिथे बाक. नकाशाला काय शोभतं ते नंतर.

पलीकडच्या वस्तीतल्या टेकडीबागेत एकाच चढावर तीन बाक खेटून आहेत आणि पुढे बराच वेळ एकही नाही. कागदावर ते आरेखन पिऊन केल्यासारखं दिसतं. तिथे एका म्हाताऱ्या पोस्टमनने हरकत घेतली होती आणि तो त्या चढावर तीनदा बसला होता. ते तिन्ही बाक रिकामे म्हणून कधी सापडत नाहीत. थोरली नोकरीत नवी असताना मुद्दाम तिथे जाऊन उभी राहायची, देवळात राहावं तशी.

"बाई, या सुनावणीला मी नको," ती म्हणाली. "हरकतदार माझे वडील आहेत."

"ठाऊक आहे. मलाही ते शिकवायला होते. उन्हात उभं केलंय त्यांनी मला." बाईंनी चष्मा पुसला. "निर्णय मी देईन. पण चालायचं तू. बाप आहे म्हणून तुला सुट्टी नाही, आणि त्यांनाही नाही."

मोजणीवाले काका फक्कीची बादली तपासत होते. त्यांना राहवलं नाही. "घरचं भांडण ऑफिसात, ऑफिसातलं घरी. ओव्हरटाइम मागून घे हो दोन्हीकडून."

चालती सुनावणी

सकाळी जुन्या पाणीटाकीपाशी रांगेतली माणसं जमली. शिवणवाल्या काकू काठी टेकत आल्या. अण्णांच्या शेजारच्या घरात त्यांचं मशीन दिवसभर चालतं. समितीचे अध्यक्ष आले, नवे बूट घालून आले, म्हणजे चुकलेच.

शेवटी अण्णा आले. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी. पाठ ओळंबा लावून घेतल्यासारखी ताठ.

फुर्रर्र!

आणि काय सांगावं, चाळिशी-पन्नाशीची ती माणसं, पोटं सुटलेली, कर्ज फेडणारी, सुनांना घाबरणारी, झटक्यात एका ओळीत उभी राहिली. हातभर अंतर सोडून. अध्यक्षसुद्धा. मोठ्या बाईंची टाच टाचेला लागलेली थोरलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला घरात भाजीत मीठ कमी आहे म्हणून ओरडताना दिसतो, आणि बाहेर हे!

"सुनावणी पुढे चल," अण्णा म्हणाले आणि निघाले.

ओढा लागला. अण्णा बसले नाहीत.

शाळेमागची सावली आली. तिथे दगडही असा होता की बसणाऱ्याची वाट बघतोय. अण्णा बसले नाहीत.

मोजणीवाले काका फक्कीची बादली या हातातून त्या हातात घेत मागून येत होते. एक गोल नाही. थोरलीच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलोय. घरीच तिने एकदा कौतुकाने बाईंचा नियम अण्णांना सांगितला होता. बसेल तिथे बाक. हरकतदाराला नियम आधीच ठाऊक असला तर काय, याचा विचार नियमात नव्हता. अण्णांनी न बसून सबंध वाट बिनबाकांची केली होती. बिनबाकांच्या वाटेला समिती कशाला हात लावेल?

"मास्तर!" शिवणवाल्या काकू धापा टाकत ओरडल्या. "बसा की हो कुठेतरी! तुम्ही टेकल्याशिवाय मला बाक मिळायचा नाही!"

"बसायची सवय लागली की उठायची सुटते, काकू."

"माझी कधीच सुटलीय! मी काय आता ऑलिंपिकला जाणार आहे?"

मागे हसू पसरलं. अण्णा हसले नाहीत. त्यांची मान घामाने भिजली होती आणि डावा पाय उजव्यापेक्षा किंचित उशिरा येत होता, एखाद्या वर्गात रोज उशिरा येणाऱ्या पोरासारखा, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. थोरलीचा संताप होत होता, आणि त्या संतापातही वाटत होतं : काय माणूस आहे हा!

खंड

बोळ. नकाशावर नखाएवढा, प्रत्यक्षात बराच लांब.

रांगेची टाकी नुकतीच भरून वाहिली होती, माती ओली होती. आजही भिंतीलगत ते गोल खड्डे होते. थोरलीने मान फिरवली. अध्यक्षांनी विचारलं तर काय सांगायचं, हे ती मनात जुळवत होती.

तिच्या पुढून काकू गेल्या. काठी टेकत. टक. टक.

काठी उचलली की खाली राहायचा एक खड्डा. बोटभर रुंद. गोल. खोल.

थोरली थांबली. जुन्या खड्ड्याशेजारी काकूंचा नवा खड्डा, जुळे भाऊ. जुन्या खड्ड्यांच्या बाजूने बुटांचे ठसे होते, तेही तिने तेव्हा पाहिले होते आणि सोडून दिले होते. एक ठसा नीट, दुसरा ओढलेला. नीट, ओढलेला. नीट, ओढलेला.

खुंट्या कसल्या. अण्णा काठी घेऊन चालतात. इथे, या बोळात, पहाटे, कारण इथे कुणी येत नाही. ज्यांना आयुष्यभर ताठ उभं राहायला शिकवलं त्यांतलं तर कुणीच नाही. आणि काठी कबूल करण्यापेक्षा लेकीच्या तोंडून चोर म्हणवून घेणं त्यांना परवडलं होतं.

तिने वर पाहिलं. मोठ्या बाईही खालीच पाहत होत्या. त्यांनी नुसता पाय पुढे टाकला, आणि त्यांच्या चपलेखाली दोन खड्डे बुजले.

अण्णा मागच्या दारापाशी वळून उभे राहिले. "ही माझी हरकत. इथून लोक जाणार. जाताना बघत जाणार."

"काय बघणार, मास्तर?" अध्यक्षांनी विचारलं.

अण्णांच्या गळ्यातली शिट्टी मुठीत.

"काका," थोरली म्हणाली, आणि आपला आवाज इतका ऑफिसातला कसा निघतोय याचं तिला नवल वाटलं, "टेप आणा. भिंतीला कठडा धरायचाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत." तिने टेपचं टोक जमिनीला लावलं आणि वरचं अण्णांच्या मनगटाशी नेलं. "ही उंची."

अण्णांनी हात मागे घेतला नाही. "कठडा कशाला? इथे चढ नाही, उतार नाही. मैदानासारखी सपाट जागा."

"चढ आहे, अण्णा."

"मला शिकवतेस? मी जन्मभर मैदानं आखली."

"आहे चढ," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीला हात टेकला. "गेल्या वर्षापासून मला सगळीकडेच लागतो, सर. जिन्यात लागतो, बाजारात लागतो. कठडा माझ्यासाठी करतोय. लोक बघतील तर मला बघतील. मी काही दडून बसणार नाहीये."

बोळात कुणी हललं नाही. नियम होता, पुढचा थांबला की सगळे थांबतात.

थोरली वडिलांच्या जवळ गेली. फक्त त्यांना ऐकू जाईल इतकं म्हणाली, "पाहणीतला शेरा मी खोडतेय. चुकलं माझं. तिथे कुंपण नाही."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग मातीकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि त्यांना कळलं की तिला कळलंय.

आणि शिट्टीमास्तर बसले. स्वतःच्याच मागच्या दाराच्या पायरीवर, आधी एक हात, मग गुडघा, मग बाकीचे सगळे.

मोजणीवाले काका असे धावले की बादली हिंदकळली. इतक्या वेळचं साठलेलं सगळं त्यांनी एका झटक्यात अण्णांभोवती ओतलं.

"हा गोल?" अण्णा म्हणाले. "हा बटाटा आहे."

"मास्तर, तुम्ही बसलात हेच खूप झालं!"

"थोरले, दारामागची खुंटी आण."

ती आत गेली. दारामागे अण्णांची मैदान आखायची जुनी काठी उभी होती, लाल-पांढरा रंग पोपडे धरलेला. वर्षानुवर्षं ती तिथेच होती, आणि थोरली तिला आठवण म्हणून ठेवलेली वस्तू समजत आली होती. टोकाला ओली माती होती.

सगळ्या रांगेसमोर अण्णांनी ती हातात घेतली. टोक फक्कीत बुडवलं, हात लांब केला, आणि बसल्या जागेवरून, कंपासासारखं, भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरवलं. एक रेघ आली, अशी की मोठ्या बाई बघत राहिल्या.

"अर्धाच झाला," अध्यक्ष म्हणाले.

"उरलेला घरात आहे," अण्णा म्हणाले. काठी मांडीवर आडवी ठेवून त्यांनी शिट्टी फुंकली. "उभे काय राहिलात? चला पुढे! आणि बघायचं असेल तर बघत बघत चला."

ओळ हलली. एकेक जण अण्णांसमोरून गेला, काहींनी जाता जाता सवयीने पाठ ताठ केली. शिवणवाल्या काकू मात्र पुढे गेल्या नाहीत. त्या अर्ध्या गोलात शिरल्या, आपली काठी अण्णांच्या काठीशेजारी भिंतीला टेकवली.

"सरका, मास्तर," त्या म्हणाल्या.

मास्तर सरकले.