पुसलेले ठिपके

ताईच्या नजरेतून सुटेल अशी सुरकुती अजून जन्माला यायची होती. तीस वर्षं तिनं फोटो स्टुडिओत लोकांचे चेहरे साफ केले. पुटकुळ्या घालवल्या, टकलावर चमकणारा दिवा उतरवला, एका काकांना तर चक्क मान काढून दिली. स्टुडिओ बंद पडल्यावर घरात बसून भिंतींकडे बघायची पाळी आली, तेवढ्यात धाकटा भाऊ बंड्या धावून आला. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं आणि इंटरनेटवर दुकानाचं पान होतं.

"ताई, मासे झकास आहेत गं, पण फोटो अगदीच भिकार येतात," तो म्हणाला. "तू जरा हात फिरव."

ताईनं फिरवला. काचेत बंड्याचं पोट आणि मोबाइल उमटलेला असे, तो आधी काढायचा. पाण्याची हिरवट झाक कमी करायची, खवले उजळायचे, डोळ्यात बारीकशी चमक सोडायची. आणि शेवटी पांढरे ठिपके पुसायचे. अंगावर, शेपटीवर मीठ सांडावं तसे ते दिसत. "बुडबुडे गं ते, हवेचा पंप चालू असतो ना," असं बंड्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ताईनं जन्मात मासा पाळला नव्हता. भावानं सांगितलं, विषय संपला. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं तिच्या मनातही येत नसे.

तिची शाळेपासूनची मैत्रीण दातांची डॉक्टर होती. दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत तिनं माशांची मोठी टाकी ठेवली होती. दाढ धरून कण्हणारी माणसंही त्या टाकीकडे बघताना दोन मिनिटं गप्प होत. दुकानाच्या पानावरचे चार एंजल मासे तिला आवडले, तेव्हा तिनं आधी ताईला फोन केला.

"घेऊ ना गं? तू बघितलेस ना?"

"डोळे झाकून घे," ताई म्हणाली. "एकेक खवला माझ्या नजरेखालून गेलाय."

दहाव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. नवे चार मेलेच, त्यांच्यापाठोपाठ जुने अकराही मेले. "माझीच हयगय झाली बहुतेक. पाणी बदलताना काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. तिनं एका मेलेल्या माशाचा फोटो पाठवला. टेबलावरच्या कागदावर ठेवलेला तो मासा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता.

कागदावर कसले आलेत बुडबुडे? ताईनं कॉम्प्युटर सुरू केला. मूळ फोटो ती कधीच टाकून देत नसे, ती स्टुडिओतली सवय. त्या चारांतल्या एका एंजलचे दोन फोटो होते. एकात तो वर चढत होता, दुसऱ्यात खाली उतरत होता. तिनं शेपटीवरचे ठिपके मोजले. पहिल्यात सात, तीन कडेला आणि चार मध्ये. दुसऱ्यातही सात, तीन कडेला आणि चार मध्ये, जागच्या जागी. बुडबुडे एका जागी राहत नाहीत. न हलणारा डाग अंगावरचाच असतो, हे जन्मभर चेहरे साफ केलेल्या बाईला तरी कळायला हवं होतं! तिला स्वतःचा संताप आला, पण त्याहून जास्त दुखलं ते निराळंच. मूर्ख बनवायला बंड्याला अख्ख्या जगात बहीणच सापडली?

ती तडक दुकानात गेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बंड्या एका टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होता. तिनं मोबाइलवर दोन्ही फोटो त्याच्यासमोर धरले.

"बंड्या, हे बुडबुडे नाहीत."

त्यानं फोटो पाहिले आणि पुन्हा काच खरवडायला लागला. "साधा रोग आहे गं तो. औषध टाकलं की जातो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माशांवर पोट आहे माझं. माहीत नसून कसं चालेल?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पुसले असतेस?"

एवढ्यावरही ताई विरघळली असती, इतका तिचा त्याच्यावर जीव होता. "या एकाच खेपेला झालं ना असं?" तिनं विचारलं. तो नुसतं हो म्हणाला असता तरी तिनं खरं मानलं असतं.

"चांगल्या माशांचे फोटो मी परस्पर पानावर टाकतो गं," तो म्हणाला. "त्यांना कशाला लागतंय काही करायला?" बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

दोन वर्षं ताईनं ज्यांचे डोळे चमकवले, ज्यांचे फोटो कौतुकानं शेजारणीला दाखवले, त्यातला एकही मासा धड नव्हता. भावानं तिला निवडून निवडून आजारी मासे पाठवले होते, आणि ती मात्र भाऊ आपल्याला विसरला नाही म्हणून सुखावत होती. तिनं तिथूनच मैत्रिणीला फोन लावला.

"तुझं काहीएक चुकलं नाही," ती म्हणाली. "मासे आधीपासूनच आजारी होते. अंगावर ठिपके होते, ते फोटोतून मी पुसले. हो, मीच. बुडबुडे आहेत असं मला सांगितलं होतं."

बंड्या हातातलं सगळं टाकून पुढे आला. "ताई, ठेव तो फोन! सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"कुणी सांगितलं होतं?" पलीकडून मैत्रिणीनं विचारलं. "आपल्या बंड्यानं?"

ताईनं समोर उभ्या असलेल्या माणसाकडे नीट पाहिलं.

"दुकानदारानं," ती म्हणाली.