चारशे सतराचा जोड

"दोन तास एकोणचाळीस मिनिटं!" सून जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडली. "एक फाइल यायला! मघाशी दोन तास दहा होती. अण्णा, हे पुढे जायचं सोडून मागे चाललंय!"

खाली आपल्या खोलीत अण्णा टेबलाखाली डोकं घालून बसले होते. हातात बॅटरी, दातांत स्क्रू ड्रायव्हर. डोकं बाहेर काढताना ते टेबलाच्या कडेला आपटलं आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर दातांत ठेवूनच एक शिवी दिली.

"राउटर बंद करून चालू केलाय मी," ते ओरडले. "तिसऱ्यांदा!"

"मग चौथ्यांदा नका करू."

टेबलावर राउटर आणि त्याच्या शेजारी चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा होता. घरातल्या सगळ्यांच्या फायली त्या डब्यात: मुलाची कागदपत्रं, अण्णांचे स्कॅन केलेले जुने फोटो, आणि उरलेली सगळी जागा सुनेच्या गुडघ्यांनी अडवलेली. हाडांचे एक मोठे डॉक्टर गुडघ्याच्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ तिच्याकडे पाठवत आणि ती ते कापून-जोडून विद्यार्थ्यांसाठी फिल्म बनवून देई. रुग्णांचे व्हिडिओ इंटरनेटवर ठेवायचे नाहीत असा डॉक्टरांचा दंडक, म्हणून हा डबा. आधी तो वर तिच्याच खोलीत होता, पण ती खोली उन्हानं तापते आणि मागच्या उन्हाळ्यात एक डिस्क जळाली. तेव्हापासून डबा खाली, सून वर, आणि मध्ये अण्णांनी भिंतीच्या आतून टाकलेली केबल.

अण्णा छत्तीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन होते. खांबावर चढून, गटारात उतरून, भर पावसात ताडपत्रीखाली बसून त्यांनी किती जोड केले असतील याचा हिशोब नाही. घराला रंग देताना भिंत उकरलेली होती, तेव्हा मुलगा म्हणाला होता, नेटवर्कवाल्याला बोलावू. अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात लाइनमन असताना बाहेरून माणूस बोलवायचा? दोन दिवस खपून त्यांनी केबल ओढली, दोन्ही टोकांना प्लग बसवले आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक टोकाला पत्र्याचा बिल्ला बांधला. बिल्ल्यावर तारीख आणि त्यांचा लाइनमनचा नंबर, ४१७. जोड कोणी केलाय ते पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, म्हणजे शिव्या योग्य माणसाला घालता येतात, असं त्यांचे वस्ताद म्हणत. ४१७ हा अण्णांच्या एक्स्चेंजच्या रजिस्टरातला शेवटचा नंबर होता. त्यांच्यानंतर खात्यानं लाइनमन घेतलाच नाही.

तेव्हा फायली लहान होत्या, थोडं रेंगाळत का होईना, काम निभत होतं. मग डॉक्टरांनी नवा कॅमेरा घेतला आणि एकेक गुडघा चौपट जड झाला. गेले तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. मुलानं कामावरून फोन करून सल्ले दिले, जे सगळे 'बंद करून चालू करा' या एकाच सल्ल्याची पिल्लं होती. डब्याच्या कंपनीला फोन लावला, तर एक बाई चाळीस मिनिटं "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" एवढंच सांगत राहिली. गेल्या आठवड्यात नेटवर्कवालाही येऊन गेला. त्यानं दोन मिनिटं केबलकडे बघितलं आणि म्हणाला, "ही बदलावी लागेल." अण्णांनी टेस्टर काढून त्याच्या नाकासमोर धरला. आठ तारा, आठ दिवे. "दिसतात का आठ? मोज." त्यानं मोजले, आणि अण्णांनी त्याला दारापर्यंत पोहोचवलं.

सून जिना उतरून खाली आली. कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"अण्णा, ती खोली मी आज हो म्हणून टाकते."

हॉस्पिटलसमोर एका इमारतीत तिनं कामासाठी खोली बघून ठेवली होती. सकाळी नऊला जायचं, रात्री आठला यायचं. मालकाला आज संध्याकाळी सहापर्यंत उत्तर हवं होतं.

"सहाला अजून वेळ आहे," अण्णा म्हणाले.

"साडेतीन वाजलेत. तीन आठवडे मी डॉक्टरांना 'उद्या देते, उद्या देते' करतेय. त्यांनी आज मला विचारलं, घरी कोणी आजारी आहे का."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, हो. डबा."

अण्णांना हसू आलं नाही. मुलगा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवसभर या घरात असायचा तो वरच्या खोलीतल्या चाकाच्या खुर्चीचा आवाज. सून टेबलाकडून कपाटाकडे सरकली की छतावर घर्र व्हायचं, परत आली की पुन्हा घर्र. पहिले सहा महिने त्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं. आता दुपारी त्या आवाजाशिवाय डोळा लागत नसे. ही खुर्ची उद्यापासून हॉस्पिटलसमोर घरघरणार, या विचारानं त्यांना सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. पण हे सुनेला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? म्हणून ते भांडत होते.

"तुझ्या कॉम्प्युटरातच खोट आहे," ते म्हणाले.

"माझ्या?"

"नाहीतर काय! दिवसभर गुडघे पाहून तोही थकला असेल."

"ठीक आहे." सून तरातरा वर गेली आणि लॅपटॉप छातीशी धरून खाली आली. "इथे, डब्याला चिकटून लावते. तुमची केबल मध्ये नको. मग बघू कोण थकलंय."

"लाव ना. इथेही रडतखडतच चालेल."

डब्याबरोबर आलेली हातभर तयार वायर तिनं लॅपटॉपला लावली आणि तोच गुडघा पुन्हा ओढायला घेतला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी भसाभस पुढे गेली. सहा मिनिटांत काम आटोपलं.

बिघाड शोधायचा तर लाइन मध्यात तोडून बघायची, दोष या बाजूला की त्या बाजूला ते कळतं, हे अण्णांनी आयुष्यभर इतरांना शिकवलं होतं. तीन आठवडे त्यांनी फक्त आपली केबल तेवढी तोडून बघितली नव्हती.

"आठही दिवे लागतात गं," ते म्हणाले. आवाज उगाचच बारीक आला.

"लागतात ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

अण्णांनी खणातून भिंग काढलं. भिंतीतून आलेलं आपलं टोक एका हातात घेतलं, ती हातभर वायर दुसऱ्या हातात. पारदर्शक प्लगमधून तारांचे रंग दिसत होते. त्यांच्या प्लगमध्ये पांढरा-निळा, निळा, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेलिफोनचा हा क्रम त्यांना पाढ्यासारखा पाठ होता, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवला असता. मग त्यांनी तयार वायरीचा प्लग भिंगाखाली धरला आणि ते खेकसले.

"हे कोणत्या गाढवानं केलंय?"

"काय झालं?"

"हिरव्याची जोडी फोडलीय. एक हिरवी इथे, मध्ये दोन निळ्या, मग दुसरी हिरवी. दोन तारा एकमेकींना पीळ घालून येतात त्या काय शोभेसाठी? जोडी कधी फोडायची नसते. कारखान्यात कोण बसतं, काही कळत नाही."

"पण अण्णा, ती वायर तर फास्ट चालली."

"चुकून चालली. दुसरी आण."

तिनं राउटरची वायर काढून दिली. तिच्यातही हिरवी फोडलेली. मुलाच्या कपाटातून एक कोरी, पाकिटात बंद असलेली वायर आली. अण्णांनी पाकीट दातांनी फाडलं. तीच गत. तीन वायरी, तीन कारखाने, आणि तिन्ही गाढवांनी एकच चूक केलेली. अण्णांनी भिंग खाली ठेवलं आणि ते पलंगावर बसले.

सून फोनवर काहीतरी वाचत होती. ओरडणं थांबलं होतं.

"अण्णा, इथे लिहिलंय. नेटवर्कचा क्रम वेगळाच असतो. तुमच्या क्रमानं लावलं तर तारा सगळ्या जोडल्या जातात, म्हणून दिवे लागतात. पण ज्या दोन तारा एकत्र काम करतात, त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या होतात. मग एकीचा आवाज दुसरीत जातो आणि तेच तेच पुन्हा पाठवत बसावं लागतं. म्हणून स्लो."

"क्रॉस टॉक," अण्णा पुटपुटले. ज्या दोषापायी त्यांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांना फैलावर घेतलं होतं, तो त्यांनी स्वतःच्या भिंतीत गाडून ठेवला होता, वर बिल्ला लावून. "पण मग ती हिरवी फोडायचीच कशाला?"

सून पुढे वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"काय गं?"

"मधल्या दोन जागा टेलिफोनच्या आहेत, म्हणे. टेलिफोनची लाइन यायची असेल तर तिला जागा असावी, म्हणून त्या आधीपासून सोडून ठेवलेल्या. हिरवी त्यांच्या दोन्ही बाजूंना सरकून बसली."

अण्णांनी तो प्लग पुन्हा भिंगाखाली धरला.

"आमच्यासाठी जागा ठेवली होती होय," ते म्हणाले. "आणि आम्हालाच माहीत नाही."

मग ते उठले. खणातून नवे प्लग आणि दाबायचा चिमटा काढला. "चूक माझी आहे. तीन आठवडे तुझे वाया घालवले. त्या नेटवर्कवाल्यालाही फोन करायला सांग नवऱ्याला, म्हणावं, म्हातारा चुकला." एवढं बोलून त्यांनी जुना प्लग कापला.

पण केबल सोलल्यावर आठ बारीक तारा त्यांच्या बोटांत ठरेनात. ओळीत लावल्या की एक निसटायची, ती पकडावी तर दुसरी. पहिला प्लग वाया गेला, मग दुसरा. तिसऱ्यालाही तपकिरी बाहेरच राहिली तसा त्यांनी चिमटा पलंगावर आपटला.

"हात टेकले बाबा! माझ्यानं होत नाही."

सुनेनं चिमटा उचलला. "तुम्ही सांगा. मी करते."

"तुला जमणार नाही."

"गुडघा उघडून परत शिवतात कसा ते मी रोज बघते. आठ तारा नाही जमायच्या?"

मग अण्णा सांगत गेले. सोल, पण आतल्या तारेला पातं लागता कामा नये. पीळ सोडव, गरजेपुरताच. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा. आता निळी. "निळीच?" तिनं विचारलं. "निळीच," अण्णा दात ओठ खाऊन म्हणाले. टोकं एका रेषेत काप. आत सरकव, पार प्लगच्या टोकाला टेकेपर्यंत. आता दाब. घाबरू नको, दाब! चिमटा कट्कन वाजला. खालचं टोक झालं तसे दोघं वर गेले. अण्णा कठड्याला धरून, दुखऱ्या गुडघ्याला शिव्या देत चढले आणि वरचं टोकही तिनंच केलं.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी तिनं तो गुडघा वर ओढला. सहा मिनिटं.

तिनं लगेच फोन लावला. अण्णा खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखे उभे राहिले.

"हो, मीच बोलतेय. नको ती खोली. नाही, नाही, खोली छान आहे हो. घरीच जमतंय आता." तिनं फोन ठेवला. "अण्णा, चहा करू?"

"थांब. जोड अजून पुरा झाला नाही."

त्यांनी जुना बिल्ला तारेतून सोडवून खिशात टाकला. दुसऱ्या खिशातून एक कोरा बिल्ला आणि नंबर कोरायची खिळ्यासारखी लेखणी काढली, टेबलावर बिल्ला धरून आजची तारीख सावकाश कोरली आणि मग दोन्ही तिच्या पुढे सरकवलं.

"नंबर तू घाल."

"घालते ना. चारशे सतरा."

"तो माझा. जोड तू केलास."

"मला कुठे नंबर आहे, अण्णा?"

अण्णांनी तिच्या खुर्चीच्या पाठीला धरलं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक्स्चेंजचं रजिस्टर आलं, त्यांच्या नावाखालची ती रिकामी ओळ.

"चारशे अठरा लिही," ते म्हणाले.